हात लावून तपासा!

दोस्तांनो, मी माझी एक कविता मागे घेतोय. 'ढेरी' नावाची. तुमच्यातल्या पुष्कळांनी ती ऐकलीय, टाळ्या दिल्यात, दोन ठिकाणी वन्समोअर घेतलाय. शेटजीची ढेरी, सावकाराची ढेरी, मंत्र्याची ढेरी, ठेकेदाराची ढेरी, आणि शेवटी ती ढेरी आम्ही कशी फोडणार त्याचं वर्णन. लिहायला एक रात्रसुद्धा लागली नाही. लागणार कशी? आपल्या पोस्टरवर, भिंतीवर, व्यंगचित्रात पन्नास वर्षं तोच गडी उभा आहे. पोट पुढे, बोटात अंगठ्या, तोंडात पान. आणि त्याच्या समोर आपला माणूस, बरगड्या मोजून घ्या. कवीला आयतं चित्र मिळतं. घ्या आणि छापा.

ही कविता मी 14 एप्रिलला गावी म्हटली. गाव उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा. विहारापुढे मांडव, पोरांनी भाड्याने आणलेला माईक, मी मुंबईहून आलेला गोदीवाला कवी. माय बायांमध्ये बसली होती, पांढरं लुगडं नेसून. मी तिच्याकडे बघून जरा जास्तच जोरात म्हटली. रात्री ती चुलीपुढे बसली होती. भाकरी थापता थापता म्हणाली,

"तुह्या कवितेतला तो ढेरीवाला कोन रे बावा?"

"शेटजी आहे तो, माय."

"मले वाटलं तू माह्याच पोटाकडं पाहून म्हनून रायला. बाया पन माह्याकडंच पाहत होत्या."

आणि हसली. मला हसता आलं नाही.

माझी माय जाड आहे. उंची चार फूट दहा इंच, वजन 74 किलो. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी. घरात सगळ्यांचं झालं की टोपल्यात जे उरेल ते खाणारी. शेटजीची ढेरी ज्या कष्टावर वाढली असं मी माईकवर ओरडून सांगत होतो ते कष्ट तिचे, आणि ढेरी पण तिचीच. माझ्या कवितेत या बाईला बसायला जागा नव्हती. जाड असेल तर ती शत्रू. बारीक असेल तर ती आपली. असा सरळ हिशोब मी लावला होता, आणि असाच हिशोब गेल्या काही वर्षांत तिच्या जिवावर उठला होता. म्हणून हे लिहितोय.

पाच वर्षांपूर्वी तिला दम लागायला लागला. आधी हंडा उचलताना, मग चढ चढताना, मग रात्री आडवं पडल्यावरसुद्धा. तीन गोधड्या डोक्याखाली घेऊन बसल्या बसल्या झोपायची. पाय सुजायचे. तिला तालुक्याला नेलं, जिल्ह्याला नेलं. सरकारी पाहिलं, खाजगी पाहिलं. नावं लिहीत नाही, एकाचं लिहिलं तर बाकीचे सुटतात. दोन वर्षांत सात डॉक्टरांनी तिला पाहिलं. 'पाहिलं' हा शब्द मुद्दाम लिहितोय. टेबलाच्या पलीकडून पाहिलं. दारातून आत येताना पाहिलं आणि ती स्टुलावर टेकायच्या आत निदान झालं.

वजन कमी कर. भात बंद. तळलेलं बंद. सकाळी चालायला जात जा.

चालायला! जी बाई सकाळी वावरात पायी जाते, दिवसभर वाकलेली असते, संध्याकाळी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन येते, तिला चालायला जा. एक जण तर म्हणाला, खाऊन खाऊन फुगलीस, मग दम लागणारच गं. पन्नाशीच्या बाईला 'गं'. शेजारच्या खुर्चीवर त्याच वयाची दुसरी बाई होती, तिला 'आपण'. बीपी बघितलं तर साधा पट्टा दंडाला पुरेना, तोच ओढूनताणून बांधला. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं, ही गोष्ट नर्सिंगच्या पोरींना शिकवतात. माझ्या मायला मात्र त्या आकड्यावर गोळी सुरू झाली.

आठवी डॉक्टर पोरगी होती, माझ्याएवढीच असेल. म्हणाली, मावशी, ब्लाऊजचं वरचं बटण काढा. नळी लावली. छातीवर ऐकलं, पाठीवर ऐकलं, मग मायला डाव्या कुशीवर वळवलं आणि डोळे मिटून पुन्हा ऐकलं. दोन मिनिटं. मग कागदावर लिहिलं, एको करून आणा. एकोत निघालं की हृदयाची झडप आकसून गेलीय. लहानपणी घसा येतो, ताप येतो, सांधे सुजतात, पेनिसिलीन मिळालं नाही तर तोच ताप झडपेवर डाग ठेवून जातो, आणि वीस-तीस वर्षांनी दम लागतो. हा आजार जेवून होत नाही. एका खोलीत आठ माणसं झोपतात त्या घरातला आजार आहे हा. महात्मा फुले योजनेत फुगा घालून झडप उघडली. आता माय उताणी झोपते. वजनात दोन किलोचा फरक पडला, तोही पायात साठलेल्या पाण्याचा.

त्या पोरीची जात मला माहीत नाही. विचारली नाही. तिने हात लावला, एवढं मला माहीत आहे.

आता जरा मागे चला. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलंय. त्यात काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत आहे, 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त आलेलं पत्र. त्याची बायको बाळंतीण, आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. बाईला वस्तीबाहेर आणून बसवली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत येताना तसंच उलट. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने लांबून आकडा वाचला, न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. बाई मेली.

आज ती साखळी नाही. कायद्याने नाही. माझ्या मायला कोणी वस्तीबाहेर बसवलं नाही, जात विचारली नाही. आडनाव केसपेपरवर होतं, ते वाचून कोणी वागलं की नाही ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण हात न लावता निदान करायची सोय तिच्या पोटाने करून दिली. जाड आहे ना, मग झालं. न शिवता बाहेर काढायला आता जातीचं कारण लागत नाही, काटा दाखवला की पुरतं. माझं भांडण वजनकाट्याशी नाही. वजन करा, जरूर करा. काट्यावरून उतरल्यावर जो माणूस समोर उभा राहतो त्याला तपासा, एवढंच.

कोणी म्हणेल, हा जाड माणसांची वकिली करतोय. तर गोदीतली गोष्ट ऐका. ती बारीक माणसाचीसुद्धा आहे.

आम्ही ठेक्यावरचे. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, पुढच्या महिन्यात मलाही रोजी लागते. ठेका नवा झाला की मेडिकल होतं. एक टेबल, एक काटा, भिंतीला चिकटवलेली उंचीची पट्टी, एक कारकून आणि एक डॉक्टर जो मोबाइलवर बोलत असतो. आमच्या टोळीत एकाला सगळे 'डबल' म्हणायचे. 104 किलो. पन्नास किलोचं पोतं असं उचलायचा की जणू उशी. दिवसाला कोणापेक्षा कमी काम नाही, कधी खाडा नाही, दारू नाही. आणि दुसऱ्याला म्हणायचे 'काडी'. 52 किलो, हडकुळा, पण चिवट. मेडिकलच्या दिवशी दोघं एकामागे एक उभे. कारकुनाने वजन लिहिलं, उंची लिहिली, मोबाइलमध्ये आकडा काढला. डबल अनफिट. काडी एकदम फिट. रक्त कोणाचंच काढलं नाही. छातीला नळी कोणाच्याच लावली नाही.

चार महिन्यांनी काडीच्या पायावर लोखंडी प्लेट घसरली. जखम साधी. पण भरेना, काळी पडली. मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं तर शुगर 412. पायाची दोन बोटं गेली. त्याला तहान लागायची, रात्रीतून चारदा उठायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्हीच म्हणायचो, तुला कसली शुगर, तू तर काडी. डबल आता भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करतो, कमी पैशात तेच पोतं उचलतो.

एका रांगेत दोन चुका झाल्या. जाड म्हणजे आजारी, बारीक म्हणजे धडधाकट. या एका समजुतीने एकाची रोजी खाल्ली, दुसऱ्याची बोटं.

हा आकडा येतो कुठून? किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. बीएमआय. 1832 च्या सुमारास बेल्जियमच्या क्वेटले नावाच्या माणसाने हे गणित मांडलं. हा माणूस डॉक्टर नव्हता. तारे मोजायचा आणि माणसं मोजायचा. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, आजारी माणूस नाही. पुढे 1972 साली अमेरिकेतल्या अँसेल कीज याने त्या गणिताला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. हजारो माणसांच्या अभ्यासाला तो बरा आहे, सोपा आहे. पण एका माणसाच्या अंगात स्नायू किती, चरबी किती, ती चरबी कुठे बसलीय, हे त्याला दिसत नाही. माथाडी आणि शेट त्याला सारखेच.

1972! याच सालात मुंबईत पँथर उभी राहिली, आणि याच सालात महाराष्ट्रात दुष्काळ पडला. त्या दुष्काळाचं माझ्या मायच्या पोटाशी नातं आहे, ते सांगतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आहेत. त्यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या पोरांचा अभ्यास केला. तिथलं नवजात पोर सरासरी 2.7 किलोचं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं साडेतीन किलोचं. पोर सगळीकडून लहान, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. फक्त एक गोष्ट त्या मानाने फारशी कमी झाली नव्हती: चरबी. म्हणजे आपलं पोर वरून हडकुळं आणि आतून जाड. पुढे 2004 साली याज्ञिकांनी आणि युडकिन नावाच्या एका गोऱ्या डॉक्टरने स्वतःचेच दोन फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापले. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. गोऱ्याच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आकडा एक, आतलं शरीर दोन. काडीची शुगर कुठून आली याचं उत्तर मला इथे सापडलं. आईच्या पोटात उपाशी राहिलेलं शरीर मिळेल ते चरबी करून साठवायला शिकतं, असं हे शास्त्र सांगतं.

माझी आजी मराठवाड्यातली, जाफ्राबादकडची. दुष्काळी कामावर खडी फोडायची. खायला सुकडी आणि तांबडी मिलो. तेव्हा ती पोटुशी होती, आणि पोटात माझी माय. तिच्या आजच्या पोटाला तेच कारण आहे असं एका माणसाबद्दल छातीठोक कोणी सांगू शकणार नाही, मी पण सांगत नाही. पण सात डॉक्टरांना तिच्या पोटात फक्त आजचा भात दिसला. खडी फोडणारी बाई कोणाला दिसली नाही.

आणि आजचा भात तरी कोणी दिलाय? रेशनवर माणशी पाच किलो धान्य, 2023 च्या जानेवारीपासून फुकट. गहू नि तांदूळ. फुकट आहे म्हणून नाक मुरडत नाही, उपाशी राहिलेल्या घराला त्याची किंमत कळते. पण पोट भरण्यापलीकडे त्यात काय आहे? डाळ विकत, दूध विकत, अंडं विकत, भाजी विकत. आज्याच्या ताटात चान्या होत्या, गावकुसाबाहेरचं मटण होतं. त्याची लाज आम्हाला शिकवली गेली, आणि मग मार्च 2015 पासून राज्यात बैलाचं मांससुद्धा गुन्हा झालं. गरिबाच्या ताटातली सगळ्यात स्वस्त ताकद कायद्याने काढून घेतली. शाळेत आठवड्याला एक अंडं 2023 च्या शेवटी सुरू झालं, तर जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचे पैसे बंद केले. लोकवर्गणीतून अंडी आणा म्हणे. आमच्या वस्तीत कोण वर्गणी देणार? मग चहा-पोळी, भात, पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा. त्यावर पोर फुगलं तर दोष पोराच्या जिभेला.

2019-21 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या 21 बाया हडकुळ्या आणि 23 बाया जाड निघाल्या. पाच वर्षांखालची शंभरातली 35 पोरं वयाच्या मानाने खुजी. माझ्या घरात हे तिन्ही आकडे एका ताटावर बसतात: जाड माय, वाळलेली वहिनी, खुजा पुतण्या. तिघंही एकाच डब्यातलं पीठ खातात. खादाडपणाचा सिद्धांत इथे कसा बसवता ते सांगा.

उपदेश मात्र वरून थेंबथेंब गळत असतो. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणावर भाषण केलं आणि तेल दहा टक्के कमी वापरा म्हणाले. उंद्रीच्या चारी बाजूंनी सोयाबीन आहे. ते पोत्यात भरून बाहेर जातं, भावात मार खाऊन जातं, आणि पाव किलोच्या पिशवीत तेल होऊन परत येतं. माय ती पिशवी कापून, उलटी टांगून शेवटचा थेंब काढते. तिने दहा टक्के कुठून कापायचे?

त्याच्या आधीचं फॅड आठवतं? दोनदाच जेवा. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवला. कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवण संपवायचं. पुष्कळांना गुण आला असेल, त्यांची शुगर उतरली असेल, मी त्याला खोटं म्हणत नाही. ज्याच्या घरात दिवसभर तोंड चालतं त्याच्यासाठी ते ठीकच. पण दादरच्या बागेत त्यावर चाललेल्या चर्चा ऐकल्या की मला गंमत वाटायची. दोन वेळा! आमच्याकडे तीन पिढ्या दोनच वेळा आहे, आणि पंचावन्न मिनिटं कोणाला मिळतात, वावरात दहा मिनिटांत उठावं लागतं. नुसतं दोनदा जेवून माणूस सडसडीत होत असता तर माझी माय काडी असती.

आता तर भूक मारायचं इंजेक्शन आलंय. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा एका छोट्या कुपीची किंमत साडेतीन हजार, आणि दर आठवड्याला एक. ज्याला गरज आहे त्याने घ्यावं, डॉक्टर सांगेल तर जरूर घ्यावं, चेष्टा करत नाही. फक्त हिशोब करून बघितला: महिन्याचे चौदा हजार. माझ्या मायची सगळ्या हंगामाची मजुरी भूक मारायला पुरली नसती. तिची भूक बाकी लोकांनी फुकटात मारली होती.

आणि ही चेष्टा शहरातल्या शहाण्यांची कशी असते ते 2017 च्या फेब्रुवारीत बघितलं. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो. महापालिकेची निवडणूक होती. शोभा डे यांनी एका जाडजूड पोलिसाचा फोटो ट्विटरवर टाकला आणि मुंबईत 'भारी' बंदोबस्त अशी कोटी केली. पोलीस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला होता. तो म्हणाला, हे खाऊन झालेलं नाही, एका जुन्या ऑपरेशननंतर झालेला आजार आहे. तोवर देश हसून घेतला होता. त्याच महिन्यात इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानातून मुंबईत आली. सुमारे पाचशे किलो वजन. पलंगासकट तिला क्रेनने उचलून हॉस्पिटलात घेतलं, ते टीव्हीवर दिवसभर दाखवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबुधाबीत वारली. मी पुढे गोदीत आलो. क्रेन रोज बघतो. स्लिंगला माल लटकत असतो तेव्हा आम्ही सगळे तोंड वर करून बघतो, ते बघणं मला माहीत आहे. त्या बाईकडे आम्ही तसंच बघत होतो, घरात भजी खात.

शोभा डेंना शिव्या घालणं सोपं आहे. आपल्याकडे वळतो.

मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं. माय चिखलीला तपासायला जाताना मागच्या शिटावरचा एक पोरगा म्हणाला, अर्ध्या तिकिटात दोन शिटा. सगळी गाडी हसली. त्या पोराच्या मोटारसायकलवर निळा झेंडा असतो. आपलाच.

आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याचे फॉर्म बघा. जातीचा रकाना काढला म्हणून आपण पाठ थोपटून घेतो, पोटजात मोडली म्हणून भाषणं करतो. खाली रकाना काय? वर्ण: गोरा. बांधा: सडपातळ. माझ्या मावसबहिणीला, बीएड झालेल्या पोरीला, तीन ठिकाणांहून निरोप आला की मुलगी चांगली आहे पण अंगाने जरा जास्त आहे. तिघंही पोरं चळवळीतली. एक तर स्टेजवर स्त्री-मुक्तीवर बोलतो, माझ्यापेक्षा चांगला बोलतो. त्यांच्या घरचं पोर जाड असलं की 'बाळसेदार', 'गुटगुटीत', 'खात्यापित्या घरचं'. आपल्या वस्तीतलं असलं की 'फुगलंय'. ही भाषा आपण कोणाची उचलली? त्यांचीच ना?

आता एक गोष्ट विचारतो, रागावू नका. ज्या पुतळ्याला हार घालून मी त्या रात्री 'ढेरी' म्हटली, तो पुतळा कसा आहे? कोट अंगावर भरून बसलेला आहे. लंडनमध्ये पापडावर रात्री काढणारा तो तरुण पुढे अंगाने भरला. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखायचे, शेवटी शेवटी आधाराशिवाय चालवत नव्हतं. त्या शरीराने घटनेचा मसुदा केला, त्या शरीराने 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिला. त्यांच्या मधुमेहाला खादाडपणा म्हणायची कोणाची टाप आहे? कोणी म्हटलं तर आपण रस्त्यावर येऊ. बरोबरच आहे. मग माझ्या मायच्या वेळी ती गाडी का हसली, आणि मी का नाही उठलो? मी त्याच गाडीत होतो. खिडकीतून बाहेर बघत होतो.

चरबी निरुपद्रवी असते असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मायचे गुडघे दुखतात, वजनाचा त्यात हात आहेच. शुगर, बीपी, सगळं खरं. पण जानेवारी 2025 मध्ये 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने सुद्धा हेच सांगितलं, की एकट्या बीएमआयवर माणसाला आजारी ठरवू नका, कंबर मोजा, आणि त्या चरबीने अवयव बिघडलेत का, रोजचं जगणं अडतंय का, ते तपासून बघा. म्हणजे जगातले मोठे डॉक्टर आता तेच म्हणतायत जे त्या आठव्या पोरीने दोन मिनिटांत केलं.

कवितेचं म्हणाल तर शेटजीशी माझं भांडण संपलेलं नाही. त्याच्या पोटावर लिहिणार नाही, त्याच्या वहीवर लिहीन. व्याज किती, मजुरी किती दाबली, ठेका कोणाच्या नावावर, ते लिहीन. त्याला मेहनत जास्त लागते, रकमा माहीत असाव्या लागतात. शिवाय आजकालचे शेटजी ट्रेडमिलवर पळतात, सपाट पोटाचे असतात, त्यांना ती कविता लागूच होत नाही. ती फक्त माझ्या मायला लागली.

पुढच्या महिन्यात गोदीत पुन्हा मेडिकल आहे. आमच्या टोळीतल्या अकरा जणांनी कागद लिहून दिलाय. काट्यावर उभे राहू, पण आधी प्रत्येकाचं रक्त काढा, बीपीला मोठा पट्टा ठेवा आणि छातीला नळी लावा. पहिली सही काडीची आहे. डबलला निरोप धाडलाय, रात्रपाळी सुटली की तोही गेटवर येऊन उभा राहणार आहे.